अल्टो, खंबाटकी आणि रोजचे १२० किलोमीटर

प्रश्न (थोडक्यात) : मी साताऱ्यात राहते, वय ३३. गेल्या महिन्यात शिरवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन आहे, कामाची वेळ नऊ ते साडेपाच, रविवारी सुट्टी. कंपनीची बस पुण्याकडून येते, साताऱ्याकडून नाही. घरात सासऱ्यांच्या नावावर २०१६ ची अल्टो ८०० आहे, ६२ हजार किलोमीटर झालेली. आजवर ती बाजारहाट आणि लग्नकार्यांपुरतीच वापरली. आता मी तिच्यातून रोज जाऊन-येऊन १२० किलोमीटर करते. मिस्टरांना वाटतं की हायवेला हा डबा रोज झेपणार नाही, इंजिन बसेल. म्हणून ती विकून ११ लाखांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी, तीन लाख रोख भरावेत आणि आठ लाखांचं कर्ज काढावं असं त्यांचं म्हणणं आहे. सासरे म्हणतात, गाडी उत्तम आहे, उगाच खर्च कशाला? माझा पगार आधीपेक्षा १८ हजारांनी वाढलाय, पण हप्त्याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर ट्रक शेजारून गेला की गाडी हलते, तेव्हा मलाही भीती वाटते. काय करू?

उत्तर :

तुमच्या पत्रात दोन भीती आहेत, एक इंजिनाची आणि एक ट्रकची. घरातला वाद पहिलीवर चाललाय, आणि ती जवळपास निराधार आहे. दुसरीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण निर्णय तिच्यावर व्हायला हवा.

आधी इंजिन. अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं आणि ४८ पीएस ताकदीचं आहे. कागदावर हे आकडे केविलवाणे दिसतात, पण गाडीचं वजनही जेमतेम सातशे किलोच्या आसपास आहे. साताऱ्याच्या राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबत, थांबत जाणं इंजिनाला जितकं जड जातं, तितकं हायवेवर पाचव्या गिअरमध्ये एका वेगाने तासभर पळणं जात नाही. हायवेवर ऑइल नीट तापतं, क्लच झिजत नाही, बॅटरी पुरती चार्ज होते. लहान इंजिन बसतं ते ऑइल कमी पडल्यामुळे, कूलंट संपल्यामुळे किंवा सतत तळाशी दाबून ठेवलेल्या ॲक्सिलरेटरमुळे. अंतर वाढलं एवढ्या कारणाने इंजिन बसत नाही.

तुमच्या गाडीत अडचण वेगळी आहे. तिचे किलोमीटर कमी आहेत पण वय जास्त आहे. ‘फक्त ६२ हजार चालली आहे’ हे सासऱ्यांना कौतुकाचं वाटतं, मेकॅनिकला तेवढं वाटणार नाही. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. रेडिएटरचे होज पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकचे रबरी पाइप, इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि टायर या सगळ्यांचं वय झालेलं आहे. आतापर्यंत पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ते उघडं पडलं नाही, इतकंच.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. अल्टो ८०० च्या इंजिनात टायमिंगसाठी साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात, म्हणून ६२ हजारांवर कुणी त्याचं नावही काढणार नाही. पण तो २०१६ चा आहे. पट्टा तुटला की इंजिन त्याच क्षणी बंद पडतं. बाजाराच्या रस्त्यावर त्याचा मनस्ताप होईल, पण सुरूर आणि वेळे या गावांच्या दरम्यान मागून कंटेनर येत असताना तो जिवावरचा प्रसंग आहे. या आठवड्यात बदलून घ्या. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर बदला आणि वॉटर पंप हाताने हलवून पाहायला सांगा. पंपाची चकती डुगडुगत असेल किंवा खाली कूलंटचा हिरवा-पांढरा डाग वाळलेला दिसला, तर तोही त्याच वेळी बदला, नाहीतर दोन महिन्यांनी तेच सगळं पुन्हा उघडण्याची मजुरी द्याल.

गाडी गॅरेजला आहे तोवर आणखी काही कामं उरकून घ्या. कूलंट पूर्ण काढून नवीन भरा. आधीच्या काळात कुणी साधं पाणी ओतलं असेल तर निघणारं पाणी तांबूस असेल. तसं असेल तर रेडिएटर फ्लश करायला सांगा आणि थर्मोस्टॅट तपासा. गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, ते स्वतः उभं राहून पाहा. ‘होतो ओ मॅडम’ यावर समाधान मानू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. जुनं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर तापलं की पॅडल मऊ पडतं. पुढचे ब्रेक पॅड आणि मागच्या ड्रममधले शू उघडून पाहा. तिन्ही स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर हे किरकोळ खर्चाचे आहेत, ते घालूनच टाका.

टायरकडे जरा जास्त वेळ द्या. तुमच्या गाडीचं माप १४५/८० आर १२, म्हणजे बारा इंची चाक. कडेवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात, त्यात पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ असेल तर टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही छान दिसो, सहा वर्षांपुढचा टायर रोजच्या हायवेला वापरू नका. कडेला बोटाच्या नखाने दाबून पाहा, बारीक केसासारख्या भेगा उघडतील. स्टेपनीचाही आकडा वाचा, बहुतेक ती गाडीबरोबरच आलेली असेल. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि कडेवर जोरात आपटतं, त्यामुळे रिम वाकणं आणि टायरला फुगा येणं हे या गाडीत मोठ्या चाकांच्या गाडीपेक्षा लवकर होतं. हवा ड्रायव्हरच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच भरा, आणि सकाळी टायर गार असताना. पंपावरचा पोरगा सवयीने सगळ्या गाड्यांत सारखीच हवा भरतो. या हलक्या गाडीत हवा जास्त झाली की ती उड्या मारते आणि ब्रेकला टायर घसरतो. चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा कारण तेच असतं.

एवढं झालं की इंजिनाबद्दलची चर्चा घरात बंद करायला हरकत नाही.

आता ट्रक. शेजारून कंटेनर गेला की गाडी हलते हा भास नाही. ट्रक आपल्यासमोरची हवा बाजूला ढकलतो आणि त्याच्या पोटाशी हवा आत ओढली जाते. तुम्ही त्याला ओलांडत असता तेव्हा आधी गाडी किंचित त्याच्याकडे ओढली जाते आणि त्याच्या केबिनच्या पुढे निघताना बाहेर ढकलली जाते. दीड टनाच्या गाडीला हा धक्का फारसा जाणवत नाही, सातशे किलोच्या गाडीला जाणवतो. भुईंजला कृष्णेच्या पुलावर वारा आडवा असेल तर आणखी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पकड घट्ट पण कोपर सैल, ट्रकपासून बाजूने जितकं सोडता येईल तितकं अंतर आणि ओलांडायला सुरुवात केली की मध्ये न रेंगाळणं, एवढं केलं तर धक्का येऊनही गाडी रेषेत राहते. समोर मोकळी जागा दिसल्याशिवाय ट्रकच्या शेजारी जाऊच नका. दोन ट्रकांच्या मध्ये अडकून चाळीस सेकंद काढणं, ही या गाडीतली सगळ्यात वाईट जागा आहे.

वेग ऐंशी ठेवा. शंभरने गेलात तर साठ किलोमीटरला हिशोबाने नऊ मिनिटं वाचतात, आणि आनेवाडीचा टोलनाका, पाचवड-भुईंजची गर्दी आणि घाट धरला तर प्रत्यक्षात त्याच्या निम्मीसुद्धा वाचत नाहीत. पण ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ऐंशीला लागतं त्याच्या दीडपटीहून जास्त अंतर शंभरला लागतं. तुमच्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे घाबरून पॅडल पूर्ण दाबलंत तर चाकं लॉक होतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाईल. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात तीस-चाळीसच्या वेगाने जोरात ब्रेक दाबा, चाक लॉक झाल्याचा आवाज ऐका, पॅडल थोडं सोडा, पुन्हा दाबा. पायाला हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

खंबाटकी घाट तुम्हाला रोज दोनदा भेटतो आणि दोन्ही वेळा वेगळा. सकाळी पुण्याच्या दिशेला बोगदा. जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार आहे आणि तिथलं एस वळण अपघातांसाठी बदनाम आहे. बोगद्याच्या आतच वेग साठच्या खाली आणा, चौथ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे लोक आहेत. त्यात पेट्रोलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजेक्शनच्या इंजिनाला पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. मागे भरलेला ट्रक असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकपुढे आपण असण्यात काही अर्थ नाही. तिथल्या नव्या सहापदरी बोगद्यांमुळे रस्त्याची आखणी बदलते आहे, तेव्हा ओळखीचा रस्ता म्हणून न जाता फलक पाहून जा.

संध्याकाळी परतताना घाट चढायचा. इथे अल्टोचा दम दिसतो, म्हणजे दम नसतो. चढ सुरू होण्याआधीच तिसरा टाका. गाडी गुरगुरायला लागली की पाय आणखी दाबू नका, दुसरा टाका. या गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे कानावर चालावं लागतं. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटून खडखडत असेल तर ते इंजिनाला मारक, खालच्या गिअरमध्ये ओरडत असेल तर काही बिघडत नाही. चढाच्या त्या पट्ट्यात एसी बंद ठेवा, फरक लगेच कळेल. कोंडीत अडकलात तर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला तर एसी बंद, हिटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच कडेला. हिटरने आतल्या माणसाचा घाम निघतो, पण इंजिनाची उष्णता बाहेर येते. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, अगदी मदतीला आलेल्या ट्रकवाल्यानेही, उघडू नये.

इथवर वाचून वाटेल, मग अल्टोच ठेवावी. काही काळ, हो. कायम, नाही.

कारण ट्रकच्या वाऱ्याला उपाय आहे, धडकेला नाही. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ची चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या कारना. तुमची गाडी त्याआधीची. गावात तीस-चाळीसच्या वेगाने ती चालवताना हे लक्षात ठेवायची गरज पडली नाही. वर्षाला ३६ हजार किलोमीटर, तेही ट्रकांच्या हायवेवर, चालवताना पडते. सासऱ्यांना ‘गाडी उत्तम आहे’ म्हणताना गाडीची तब्येत दिसते. ती खरंच चांगली असेल, पण आत बसणाऱ्याला वाचवायची सोय तिच्यात मुळात नाही.

मग मिस्टर बरोबर? त्यांचा निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, कारण चुकलंय, आणि उपाय महाग आहे. आठ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण १३,१०० रुपये येतो. व्याजच तीन लाखांच्या घरात जातं. आणि सात वर्षांत ३६ हजारांच्या हिशोबाने गाडी अडीच लाख किलोमीटर चाललेली असेल. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी हातात येईल ती विकायला झालेली गाडी. जास्त फिरणाऱ्या माणसाने नवी आणि महागडी गाडी कर्जाने घेणं मला पटत नाही ते यासाठी. ज्याची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते, त्याने हवं तर घ्यावी. शिवाय तुमचं प्रोबेशन संपलेलं नाही. सहा महिन्यांच्या नोकरीवर सात वर्षांचं कर्ज उभं करू नका.

खर्चाचा हिशोब मात्र तुम्हालाही थोडा चटका देईल. कंपनीचा दावा लिटरला २४.७ किलोमीटरचा आहे, पण एसी लावून आणि घाट चढून वीस ॲव्हरेज मिळालं तरी चांगलं म्हणा. म्हणजे रोज सहा लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला ६३० आणि २५ दिवसांना १५,७५० रुपये. सर्व्हिसिंग दर दहा हजार किलोमीटरला, म्हणजे तुम्हाला वर्षातून एकदा नाही, दर सव्वातीन महिन्यांनी. टायरचा संच वर्षभरात झिजेल. ब्रेक पॅड, बॅटरी आणि अधूनमधून निघणारी कामं धरून महिन्याला तीन-साडेतीन हजार बाजूला ठेवा. टोल वेगळा. सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास जातं. वाढलेल्या १८ हजारांतून आताच काही उरत नाही, तेही घरातल्या सगळ्यात स्वस्त गाडीत. एसयूव्ही घेतलीत तर पेट्रोलचे चार हजार आणि हप्त्याचे तेरा हजार, असे सतरा हजार वरचे. नोकरी चांगली आहे आणि पुढे वाव आहे म्हणून धरली असेल तर ते योग्यच. पण ‘पगार वाढला, आता गाडी परवडते’ हे गृहीतक कागदावर टिकत नाही.

म्हणून नव्या गाडीच्या आधी गाडी चालवायचे दिवस कमी करता येतात का ते बघा. कंपनीच्या गेटवर एमएच ११ च्या किती गाड्या लागतात ते मोजा. पाचवड, भुईंज, सुरूरकडचे सहकारी नक्की असतील. तिघांनी आळीपाळीने आपापल्या गाड्या काढल्या तर पेट्रोल आणि टोल एक तृतीयांशावर येतो, दोन्ही मिळून महिन्याच्या १६,५०० चे साडेपाच हजार होतात, आणि आठवड्यातले चार दिवस दुसरं कुणीतरी गाडी चालवतं. अल्टोत चारजण बसवून घाट चढू नका, तिघं पुरे. पैसे घेऊन अनोळखी प्रवासी बसवू नका. खासगी गाडी भाड्याने चालवली असं दिसलं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. एसटीचाही विचार करा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. विनाथांबा गाड्या शिरवळला थांबत नाहीत, पण साध्या गाड्यांच्या वेळा स्टँडवर विचारून घ्या. आठवड्यातून दोन दिवस जरी एसटीने गेलात तरी पेट्रोल १५,७५० वरून १०,७०० वर येतं, आणि पाठीला दोन दिवस आराम मिळतो.

टोलचं काम याच आठवड्यात करता येईल. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, सुरुवातीला ३,००० रुपयांना. नाव वार्षिक असलं तरी तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवरच चालतो. तुमच्या महिन्याला आनेवाडीवरून ५० फेऱ्या होतात, म्हणजे तुमचा पास चार महिन्यांत संपेल. वर्षाला तीन लागतील. तरी फेरीला पंधरा रुपयांच्या आसपासच पडतात. त्याआधी टोलनाक्यावर आधार कार्ड घेऊन एकदा विचारा. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्थानिक मासिक पास मिळतो, आणि साताऱ्याच्या कोणत्या भागात तुमचं घर आहे त्यावर तुम्ही त्यात बसता की नाही हे ठरेल. बसलात तर तो सगळ्यात स्वस्त.

कुणीतरी सीएनजी किट बसवायला सांगेल. तुमच्या बाबतीत नको. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी अल्टो ८०० ची ताकदही गॅसवर ४८ वरून ४० पीएसवर येते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे आणखी बिघडू शकतं. त्यात टाकीचं वजन मागे, डिकी संपली, आणि समोर रोजचा घाट. किटचे पन्नास-साठ हजार वसूल व्हायला वर्ष लागेल, तोवर ही गाडी तुमच्याकडे नसावी असं माझं म्हणणं आहे.

माझा सल्ला असा : प्रोबेशन संपेपर्यंत अल्टोच चालवा, वर सांगितलेली कामं करून, ऐंशीच्या वेगाने, आणि शक्य तितके दिवस वाटून घेऊन. नोकरी कायम झाली की अल्टो विका आणि एबीएस, दोन एअरबॅग असलेली वापरलेली लहान गाडी घ्या. पुढच्या सीटवरची दुसरी एअरबॅगही सगळ्या कारना सक्तीची झाली ती २०२१ च्या शेवटी, त्यामुळे जानेवारी २०२२ नंतर बनलेली गाडी बघितलीत तर हा प्रश्नच उरत नाही. चाचणीतला निकाल महत्त्वाचा वाटत असेल, आणि तुमच्या रस्त्याला तो वाटायला हवा, तर टाटा टियागो बघा. तिला ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले. इंजिन १२०० सीसीचं, घाटाला पुरून उरणारं. नवी अल्टो के१० आता सहा एअरबॅगची मिळते, सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किंमतही उतरली, पण २०२३ च्या चाचणीत तिला दोनच तारे होते, तेव्हा दोन एअरबॅग होत्या. एअरबॅगची संख्या वाढली म्हणजे सांगाडा नवा झाला असं समजू नका.

पैशाचा अंदाज असा : वापरलेली गाडी पावणेपाच लाखांची धरा, अल्टोचे दोन लाख येतील असं धरा. उरलेल्या पावणेतीन लाखांवर, जुन्या गाडीचा व्याजदर जास्त असतो म्हणून तेरा टक्के धरले, तर चार वर्षांसाठी हप्ता ७,४०० च्या आसपास बसतो. रोख भरायला ठेवलेल्या तीन लाखांतून हे केलंत तर हप्ताच नाही. गाडी बघायला जाताना आपला मेकॅनिक सोबत न्या, टॅक्सी पासिंगवरून खासगी झालेली गाडी टाळा, सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढून किलोमीटर जुळवा. सीटच्या पट्ट्या पूर्ण ओढून त्यांच्या मुळाशी चिखलाचा पिवळा पट्टा आहे का ते पाहा. असेल तर ती गाडी पुरात उभी होती.

अल्टो चालवाल त्या सहा महिन्यांसाठी आणखी थोडं. दर रविवारी, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना, ऑइलची काडी काढून पुसा, पुन्हा घाला आणि वाचा. जुनं तीन सिलिंडरचं इंजिन रोजच्या पळण्यात ऑइल खाऊ शकतं, आणि त्यात मुळात मावतं तेच कमी. खालच्या खुणेला टेकण्याआधी त्याच ग्रेडचं टाका. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. कूलंटच्या टाकीतली पातळीही तेव्हाच बघा. दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत असेल आणि खाली गळत नसेल, तर हेड गॅस्केट तपासायला न्या, वरून भरत बसू नका.

हिवाळ्यात परतताना अंधार होईल. हेडलाइट कमी वाटतो म्हणून १०० वॅटचा बल्ब बसवून घेऊ नका. मूळ वायरिंग ६०/५५ वॅटच्या बल्बसाठी आहे, जास्तीच्या करंटने होल्डर वितळतो. काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या आणि प्रकाशाची उंची भिंतीसमोर गाडी उभी करून जुळवा. तेवढ्याने बराच फरक पडतो.

बसण्याची जागा लोक विसरतात. या गाडीची सीट वर-खाली होत नाही. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, इतकी सीट पुढे घ्या. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची जाडसर गुंडाळी ठेवा. डावा पाय ठेवायला वेगळी जागा नाही म्हणून तो क्लचवर टेकवून ठेवायची सवय लागते. त्याने क्लच आणि गुडघा, दोन्ही झिजतात. पाय खाली जमिनीवर ठेवा.

बंद पडलात तर गाडी होईल तितकी डावीकडे घ्या, इंडिकेटरचे चारही दिवे लावा, मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा आणि गाडीत न बसता रेलिंगच्या पलीकडे उभ्या राहा. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते.

आणि विम्याचे कागद आजच काढून बघा. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असतं, म्हणजे सासऱ्यांसाठी. रोज गाडी चालवणाऱ्या तुम्ही त्यात नाही. स्वतःच्या नावाची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, आणि गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर नूतनीकरणाची वाट न पाहता स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आणि रस्त्यावरची मदत जोडून मिळते का ते विचारा. पुढची गाडी घ्याल ती मात्र तुमच्या नावावर घ्या. चालवणार तुम्ही आहात.